पुढल्या साली येतो!

इतिहासाला सनावळी लागते, आणि करमणुकीची सनावळी कोणी ठेवत नाही, ही आमची मुख्य पंचाईत. पानिपत १७६१ साली झाले हे गुरुजींनी छडीच्या धाकाने असे काही पाठ करून घेतले आहे की, आजही रात्री दोनला उठवून विचारा, चुकणार नाही. पण जत्रेतला सिनेमाचा तंबू शेवटचा कोणत्या साली उतरला, असे विचारा. अख्खे केदारखेडे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसेल. एखादे म्हातारबाबा टोपी मागे सारून म्हणतील, "काहून बापा? आमच्या धाकटीच्या लग्नाअगोदर व्हता की!" धाकटीचे लग्न कधी झाले, तर ज्या साली विहिरीला पाणी लागले तेव्हा. विहिरीला पाणी कधी लागले, तर तंबू आला होता त्या साली. इतिहास असा गोल फिरून पुन्हा जत्रेतच येतो.

केदारखेडे म्हणजे जालन्याहून राजूरचा गणपती करून भोकरदनकडे निघाले की पूर्णेच्या काठी लागते ते. 'जालना, सोने का पालना' अशी म्हण आहे. पाळणा जालन्याला राहिला, आमच्या वाट्याला जत्रेतला आकाशपाळणा आला. पण आमची त्याबद्दल तक्रार नव्हती.

हा विषय डोक्यात शिरला तो आमच्या पुतण्यामुळे. तो अमेरिकेत फ्लोरिडाकडे असतो. तिथे ऑरलँडोला युनिव्हर्सल स्टुडिओ या कंपनीने सिनेमाची एक बागच केलेली आहे. ७ जून १९९० ला ती उघडली. पडद्यावर पाहिलेल्या सिनेमात आपण स्वतः जाऊन बसायचे, अशी एकूण योजना. 'जॉज'मधला शार्क तुमच्या होडीवर चाल करून येणार, किंगकाँग तुमचा डबा गदागदा हलवणार, आणि या सुखासाठी पैसे तुम्हीच मोजणार! आमच्याकडे एस.टी. हे काम तिकिटात करते.

पुतण्याला त्या बागेतले चालू खेळ पाठ नव्हते, बंद पडलेले तोंडपाठ होते. किंगकाँग २००२ साली गेला आणि त्याच्या जागी ममी आली. 'बॅक टू द फ्यूचर'ची काळातून पळणारी मोटार २००७ मध्ये थांबली. शार्कने २ जानेवारी २०१२ ला शेवटचा जबडा उघडला. शेवटच्या दिवसाची तारीख आधी जाहीर झाली होती आणि निरोप द्यायला लोक गेले होते, म्हणे. रबराच्या माशाला! मी म्हटले, "बरंय रे बाबा. आमच्याकडे माणूस गेला तरी दहाव्याला कळतं."

त्यावर तो म्हणाला, "काका, तुमच्याकडं असं काही होतं का?"

आता असा प्रश्न केदारखेड्याच्या माणसाला विचारावा? आमची सिनेमाची बाग त्यांच्यापेक्षा जुनी होती. तिला भिंत नव्हती, आत शिरायला तिकीट नव्हते, आणि ती बैलगाडीत किंवा मालमोटारीत घालून गावोगाव नेता येत असे. फ्लोरिडावाल्यांना अजून ते जमलेले नाही.

मुळापासून सांगायचे तर सिनेमा आपल्याकडे येण्याआधीच मराठी माणूस पडद्यावर चित्रे हलवत होता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाचा खेळ सुरू केला. काचेवर रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग, आणि पडद्यावर राम-सीता. नाव उच्चारता उच्चारताच निम्मा खेळ संपत असेल. मग ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने खरा हलता सिनेमा दाखवला, रुपया तिकीट लावून. त्या काळचा रुपया! म्हणजे साहेब सोडून बाकीच्यांनी बाहेरून हॉटेल पाहावे.

सिनेमा हॉटेलाबाहेर काढला तो तंबूवाल्यांनी. सुरतेचे अब्दुलअली युसुफअली हे त्यांतले मोठे नाव. १९०१ पासून त्यांनी ब्रह्मदेश, सिंगापूर, सुमात्रा पालथे घातले आणि मग हिंदुस्थानात हिंडले. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद तंबू, आत हजार माणूस. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत लागला, पण फाळकेही प्रोजेक्टर आणि रिळे बैलगाडीत घालून खेडोपाडी गेले. येताना गाडीत चिल्लरीची पोती असत, असे सांगतात. मराठी कलावंताच्या गाडीला पैशाचे ओझे झाल्याचा हा बहुधा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

तर या परंपरेने चालत आलेल्या आमच्या बागेतले बंद खेळ आता क्रमाने घेऊ.

पहिला, डबा. पत्र्याची रंगीत पेटी, तिला चार-पाच भोके, भोकांना भिंगे. डोळा लावला की आत ताजमहाल, काशी, बारा मणांची धोबीण आणि नट-नट्यांची चित्रे एकामागून एक सरकत. डबेवाला वर झांज वाजवी आणि गाण्याच्या चालीत सगळे समजावून देई. त्याच्या भूगोलात दिल्लीनंतर लगेच लंका येत असे. पण आमच्या भूगोलाच्या गुरुजींपेक्षा ध्यानात राही हे खरे.

दुसरा, फोटो स्टुडिओ. कापडी राहुटी, मागे रंगवलेला पडदा, त्यावर विमान, आणि शेजारी पुठ्ठ्याचे नट-नटी उभे. आमच्या एका मामांनी पुठ्ठ्याच्या हेमामालिनीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि हौसेने घरी भिंतीवर लावला. मामींनी काही न बोलता तो फोटो उलटा करून ठेवला. तो पुढे वीस वर्षे तसाच उलटा होता. भिंत रंगवली तेव्हाही मामींनी तो सुलटा होऊ दिला नाही.

तिसरा, नागकन्या. धड नागाचे, डोके बाईचे. १९७६ ला 'नागिन' आला आणि हिचा भाव वाढला. तिरप्या बसवलेल्या आरशामागे धड लपवायचे, ही त्यातली मेख. लंडनला स्टोडेअर नावाच्या जादूगाराने याच जातीच्या आरशांवर १८६५ साली बोलते मुंडके दाखवले होते. आमच्या नागकन्येला मात्र कोणीतरी "गाव कोणतं, बाई?" असे विचारले की ती खरे उत्तर देई आणि मालक आतून खाकरे.

आणि चौथा, बागेचा राजा, सिनेमाचा तंबू. दुपारपासून कर्ण्यावर पुकारा. मालमोटारीच्या हौद्यात प्रोजेक्टर, पुढे कनात, जमिनीवर बैठक, मध्ये दोरी. दोरीच्या इकडे बाया, तिकडे गडीमाणूस. कोळशाच्या दोन कांड्या टोकाला टोक आणून वीज सोडली की पांढराशुभ्र झोत पडे. कांड्या जळत तसतशा ऑपरेटर त्या पुढे सरकवी. त्याला डुलकी लागली की भर दुपारच्या मारामारीत पडद्यावर सांज होई, मग पब्लिक शिट्ट्या मारून सूर्य उगवून घेई. वारा सुटला की पडदा फुगे आणि सडपातळ नायिका शेठाणीसारखी दिसू लागे. 'शोले'ची रिळे सरळ अंथरली तर पाच किलोमीटरच्या वर जातील; एवढा सिनेमा वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी मशीनवर चढे. कधी सातवे रीळ पाचव्याआधी लागे. मेलेला माणूस उठून गाणे म्हणू लागला तरी कोणी हरकत घेत नसे. पैसे पुरेपूर वसूल झाल्याचेच समाधान!

१९७५ च्या 'जय संतोषी माँ'ला लोक चपला बाहेर काढून आत शिरत आणि पडद्यावर पैसे उधळत. खेळ सुटल्यावर देवीच्या कृपेने काहींना आपल्यापेक्षा बऱ्या चपला मिळत. 'माहेरची साडी' १९९१ मध्ये आला तेव्हा दोरीच्या त्या बाजूला असे काही हुंदके उठत की संवाद ऐकू येत नसत. वर्षभर जिला रडायला सवड आणि जागा मिळाली नव्हती, ती बाई त्या अंधारात मोकळी होई. तंबूचे हे काम कोणत्याही पाटीवर लिहिलेले नव्हते, पण तेच मोठे होते.

मग हे सगळे बंद का पडले? एका घावात नाही. १९७२ ला मुंबईत दूरदर्शन आले, १९८२ ला ते रंगीत झाले, १९८७ ला 'रामायण' सुरू झाले आणि देव स्वतःच घरोघर येऊ लागल्यावर तंबूत कोण जातो? त्यातूनही तंबू तगले. पण पुढे सिनेमा फिल्मवरून उतरून डिजिटल झाला. २०१३ च्या सुमारास फुजी कंपनीने सिनेमाची बहुतेक फिल्म काढणे थांबवले. नव्या सिनेमाच्या प्रिंटाच निघेनात. प्रोजेक्टर चांगला, पण त्याला घालायला दाणा नाही, अशी बैल विकण्याची वेळ. महाराष्ट्रातल्या या शेवटच्या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला, त्याचा खास गौरवही झाला. म्हणजे आमचा तंबू फ्रान्सपर्यंत पोचला, फक्त केदारखेड्याला यायचा राहिला.

पुतण्याच्या शार्कला शेवटची तारीख मिळाली, ती आमच्या तंबूला का मिळाली नाही, याचे उत्तर मला आता सापडले आहे. तंबूवाला कधी 'बंद' म्हणालाच नाही. कनात गुंडाळताना, मालमोटारीचा फाळका लावताना तो दरवर्षी एकच म्हणे, "पुढल्या साली येतो!" त्या सालीही तेच म्हणाला. आम्हीही नेहमीसारखे "या या" म्हणालो आणि भजी खायला गेलो. निरोप समारंभाला हजर असूनही तो निरोप आहे हे कळले नाही.

म्हणून माझी सूचना आहे की, प्रत्येक गावाने आपापल्या जत्रेची यादी करावी. तंबू कुठे लागे, तिकीट किती, दोरीच्या पलीकडे कोण बसे. धाकटीचे लग्न, विहिरीचे पाणी, काही का सन असेना, लिहून ठेवावा. घाई एवढ्याचसाठी की हे सांगणारे म्हातारबाबा पारावर बसलेले असतात, हल्ली उठताना काठी टेकतात, आणि आपण "बाबा, जत्रेला याल ना?" म्हटले की तेही हात हलवून म्हणतात, "येतो की, पुढल्या साली येतो!"