व्यवसायाचे बोधचिन्ह बदलताना
लघुव्यवसायाचे बोधचिन्ह व संकेतस्थळ नव्याने घडवणे ही केवळ रंगसंगतीची बाब नव्हे. पडद्यावर सर्वसाधारण आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५:१ असावे, असा आंतरराष्ट्रीय सुगमता निकष आहे. बोधचिन्हाला कायद्याचीही बाजू असते. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. मूळ ओळखीस लक्षणीय बाधा न आणणारा बदल कलम २२ नुसार निबंधकांच्या परवानगीने नोंदवता येतो. चिन्ह पूर्णतः पालटल्यास मात्र नवा अर्ज करावा लागतो. गोव्यातील व्यावसायिकांसाठी तो मुंबई कार्यालयाच्या अधिकारकक्षेत येतो. जुने चिन्ह सलग ५ वर्षे न वापरल्यास कलम ४७ खाली ते नोंदवहीतून काढण्याची मागणी होऊ शकते. म्हणून आधी नोंदणी तपासावी, मगच नवे फलक रंगवावेत.