परक्याचें वकीलपत्र



नाशकांत विजयानंद नाट्यगृहाचें नांव निघालें, कीं २१ डिसेंबर १९०९ ची रात्र आठवावयाचीच. ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनसाहेबांचें आगमन आणि अनंत कान्हेरे यांनीं झाडलेल्या गोळ्या, हा प्रसंग मीं वर्गांत कितीदां सांगितला असेल याची गणती नाहीं. मुलें विचारीत, पिस्तूल कोठून आलें? फांशी कोठें दिली? परंतु पुढें ह्या कटाच्या खटल्यांत जे पकडले गेले, त्यांची बाजू कोर्टांत कोणी मांडली, हा प्रश्न माझ्या सबंध नोकरींत एकाहि मुलानें विचारला नाहीं. खरें सांगावयाचें तर तो मलाहि सुचला नव्हता. निवृत्त झाल्यावर जुनीं पुस्तकें चाळतांना तो सुचला. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. कायद्याशीं माझा संबंध नाहीं. तेव्हां आज मी सांगणार तें कायद्याचें विवेचन नव्हे, हें आधींच कबूल करतों.

ह्या प्रश्नाचा माग काढावयाचा तर नाशिक सोडून दीड वर्ष मागें, मुंबईच्या हायकोर्टांत गेलें पाहिजे. जुलै १९०८. ‘देशाचें दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहींत’ ह्या ‘केसरी’तील दोन लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. सरकारनें खास ज्यूरीची मागणी केली. टिळकांच्या वतीनें जोसेफ बॅप्टिस्टा यांनीं तिला हरकत घेतली. त्यांचें म्हणणें अगदीं साधें होतें. लेख मराठींत आहेत. खास ज्यूरींत भरणा युरोपियनांचा होणार. त्यांना मराठी येणार नाहीं. न्यायमूर्ति दावर यांनीं हरकत मानली नाहीं. ज्यूरींत सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. मराठी वाक्यांचें वजन करावयाचें, आणि तराजू हातांत धरणारांस ती भाषाच वाचतां येत नाहीं, असा हा देखावा होता. मग सरकारी भाषांतरकाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करण्यांत आलें आणि टिळकांनीं एकेका शब्दावरून त्याची उलटतपासणी केली.

ही शब्दांची झटापट कोणास क्षुल्लक वाटेल. पण शाळेंत भाषांतर शिकविणारास तिचें मर्म चटकन् कळतें. ‘माथेफिरू’ हा शब्द आई हट्टी पोराला लावते आणि वर्तमानपत्र बाँब टाकणाराला लावतें. इंग्रजींत त्याला एकच प्रतिशब्द ठरवून दिला, कीं अर्ध्या अर्थाला कायमची रजा मिळते. आणि शिक्षा मात्र पूर्ण भोगावी लागते! टिळक स्वतः एकवीस तासांवर बोलले. सात विरुद्ध दोन अशा मतांनीं ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठीं मंडालेस गेले.

येथें एक गंमत, हवी तर शोकान्तिका म्हणा, सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ह्याच दावरांनीं १८९७ च्या पहिल्या खटल्यांत बॅरिस्टर या नात्यानें टिळकांच्या जामिनासाठीं युक्तिवाद केला होता, आणि न्यायमूर्ति बद्रुद्दिन तय्यबजींनीं तो जामीन दिला होता. त्या खटल्याच्या मुख्य सुनावणींत टिळकांतर्फे कलकत्त्याहून आलेले गोरे बॅरिस्टर प्यू उभे होते. १९०८ मध्यें जामिनाचा अर्ज केला बॅरिस्टर जिनांनीं, आणि तो नामंजूर केला दावरांनीं. पुढें १९१६ सालीं टिळकांच्या भाषणांवरून त्यांजकडून जामीन मागण्यांत आला, तेव्हां त्याच जिनांनीं हायकोर्टांत तो हुकूम रद्द करविला. एका चित्पावन ब्राह्मणाच्या बचावासाठीं पारशी, गोरा, खोजा आणि ख्रिस्ती असे चौघे वेगवेगळ्या वेळीं कोर्टांत उभे राहिले. ह्यांपैकीं कोणीहि टिळकांचीं सर्व मतें मान्य केलीं होतीं, असें मुळींच नाहीं.

ह्या चौघांत मला जवळचे वाटतात ते बॅप्टिस्टा. माझगांवच्या माथारपाखाडींतले, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजांतले. ह्या समाजाची घरची बोली मराठीचीच एक शाखा आहे. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. १९२५ सालीं ते मुंबईचे महापौर झाले. हेच काका १५ सप्टेंबर १९१० पासून नाशिकच्या खटल्यांत चित्रे, गाडगीळ आणि रांगणेकर यांच्यासह आरोपींच्या बाजूनें उभे राहिलेले दिसतात.

आरोपी ३८. समोर तीन न्यायाधीश. ज्यूरी नाहीं, अपील नाहीं. मुख्य आरोपी आपल्या नाशिक जिल्ह्यांतल्या भगूरचे विनायक सावरकर. त्यांनीं तर हें कोर्टच मानण्याचें नाकारलें. ८ जुलै १९१० रोजीं मार्सेय येथें ते जहाजांतून उडी टाकून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले होते. फ्रेंच शिपायानें त्यांना परत इंग्रजांच्या हवालीं केलें. शिपायाला त्यांचें म्हणणें कळलें नाहीं आणि यांना फ्रेंच येत नव्हतें. पॅरिसमध्यें कार्ल मार्क्सचा नातू झां लाँगे यानें त्यांच्यासाठीं लेखणी झिजविली. हेग येथील लवादापुढें इंग्लंड आणि फ्रान्स हे दोन पक्षकार होते. ज्याच्या जन्मठेपेचा प्रश्न, तो पक्षकार नव्हता. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निकाल इंग्लंडच्या बाजूनें लागला. अशील जर कोर्टच मानीत नाहीं तर वकिलानें करावें काय? बाकीच्यांसाठीं भांडावें. ३८ पैकीं सर्वच दोषी ठरले नाहींत, हें पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतें. जे सुटून नाशिकला आपल्या घरीं आले, त्यांच्या आयांना वकिलाची किंमत कळली असेल.

त्या काळीं कोर्टांतला परका म्हणजे आपण होतों. शंभर वर्षांनीं कोर्ट आपलें झालें आणि परका दुसरा कोणी आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यांत १६६ माणसें मारलीं गेलीं. जिवंत सांपडलेला हल्लेखोर अजमल कसाब हा पाकिस्तानचा. त्याचें वकीलपत्र कोणी घेऊं नये, असा मुंबईंतील वकिलांच्या एका संघटनेनें ठराव केला. कोर्टानें नेमलेल्या एका महिला वकिलांच्या घरावर जमाव चालून गेला. ‘त्याला वकील हवाच कशाला?’ असें मीहि घरांत चहा पितांना म्हणालों होतों, हें लपवीत नाहीं. तरीहि विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रत्येक पायरीवर त्याला वकील देण्यांत आले. सुमारे अकरा हजार पानांचें आरोपपत्र, प्रत्यक्ष पाहिलेल्या साक्षीदारांच्या जबान्या, सर्व तपासलें गेलें, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्यास त्याला फांशी झाली.

परंतु त्याच पिंजऱ्यांत त्याच्या शेजारीं दोन भारतीय उभे होते. हल्ल्याच्या जागांचे नकाशे त्यांनीं पुरविले, असा आरोप होता. त्यांतील फहीम अन्सारीचें वकीलपत्र शाहिद आझमी ह्या तरुण वकिलानें घेतलें होतें. ११ फेब्रुवारी २०१० रोजीं कुर्ल्यांतील कचेरींत आझमींना गोळ्या घालून ठार करण्यांत आलें, वय ३२. खटल्याचा निकाल ३ मे रोजीं लागला. कसाब दोषी ठरला. नकाशांचा पुरावा न्यायाधीशांस पटला नाहीं, आणि ते दोघे निर्दोष सुटले. सरकारनें अपील केलें. मुंबई हायकोर्टानें २०११ मध्यें आणि सर्वोच्च न्यायालयानें २९ ऑगस्ट २०१२ रोजीं, म्हणजे ज्या दिवशीं कसाबची फांशी कायम केली त्याच दिवशीं, त्या दोघांची सुटका कायम ठेवली.