भुईवर लागलेली बोट

आगबोटीनें मुंबईस जातांना आम्हां रत्नागिरीकरांस पूर्वीं 'बोट लागे', आणि आम्ही दोष पित्तास देत असूं. खरा कारभार आंतील कानाचा. खोलींत बसल्यावर डोळे सांगतात, सारें स्थिर आहे. कान सांगतो, हलत आहे. या तंट्यांतून ओकारी. पण ज्यांस कोरड्या भुईवरच बोट लागते, त्यांचें काय? अशी भोवळ मेंदूंत रक्त सांचून येते असें समजून युरोपांत रोग्याचें रक्त काढीत. ती कानांतून उठते हें पॅरिसच्या मेनिएर यांनीं १८६१ सालीं दाखविलें. व्हिएन्नाच्या बारानी यांनीं कानांत थंड व ऊन पाणी सोडून परीक्षेची रीत बसविली. १९१४ चें नोबेल पारितोषिक त्यांस रशियाच्या कैदेंत असतां मिळालें. इकडे भिंत धरून चालणारी आमची आत्या मात्र ढोंगी ठरली. कानांत शीळ वाजते, असें ती वारंवार सांगे.