डार्विन जिथे चुकला ती दरी

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये ग्लेन रॉय नावाची एक दरी आहे. ग्लासगोहून फोर्ट विल्यमला जाणारी रेल्वे रॉय ब्रिज नावाच्या एका चिमुकल्या स्टेशनावर थांबते. तिथून एक अरुंद रस्ता दरीत शिरतो, आणि तो संपला की पायवाट नदीच्या काठाकाठाने वर जाते. जवळच्या बेन नेव्हिसवर माणसांची जत्रा असते. इथे आपण, मेंढ्या आणि वारा. बस्स.

आता एवढ्या लांब या दरीत काय बघायचं? तर रेघा. दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांवर पट्टी लावून ओढल्यासारख्या तीन आडव्या रेघा आहेत, पार कित्येक किलोमीटर. समुद्रसपाटीपासून उंची २६०, ३२५ आणि ३५० मीटर. समोरासमोरच्या डोंगरांवर अगदी सारखी! सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला आपल्याकडच्या लाव्हाच्या थरांच्या पायऱ्या आठवतील. पण या रेघा खडकाचे थर नाहीत, उतार खणून काढलेल्या सपाट पट्ट्या आहेत. नावही 'पॅरलल रोड्स', म्हणजे समांतर रस्ते. दंतकथेनुसार फिंगल नावाच्या वीराने शिकारीसाठी ते बांधले.

१८१७-१८ च्या सुमारास जॉन मॅककलक आणि थॉमस डिक लॉडर या दोघांनी या रेघांचा नीट अभ्यास केला. दोघांचं मत एकच: हे जुन्या तळ्याचे काठ आहेत. लॉडरच्या एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. काही रेघांची उंची आसपासच्या खिंडींच्या उंचीशी जुळते. म्हणजे धरण भरल्यावर पाणी सांडव्यावरून जातं, तसं तळ्याचं जादा पाणी खिंडीतून पलीकडे जात असणार. झकास थिअरी. पण एक गोची होती. दरीची खालची बाजू तर उघडी आहे. तिथे पाणी अडवणारा प्रचंड बांध हवा, आणि त्याचा मागमूस नाही. मग बांध गेला कुठे?

१८३८ च्या उन्हाळ्यात इथे चार्ल्स डार्विन आला. वय २९. बीगल जहाजावरून परतून दोनच वर्षं झाली होती. चिलीमध्ये त्याने समुद्रापासून उंचावर गेलेले जुने किनारे पाहिले होते, १८३५ च्या भूकंपानंतर जमीन वर उचललेली पाहिली होती. ते सगळं डोक्यात ताजं होतं. दरीत आठवडाभर पायपीट करून त्याने निष्कर्ष काढला: बांधाचा पुरावा नाही म्हणजे तळं नव्हतं, पण पाणी तर होतं, म्हणजे तो समुद्र असणार! जमीन थांबत थांबत वर आली आणि प्रत्येक थांब्यावर एक किनारा कोरला गेला. समुद्री शिंपले सापडत नव्हते, त्याचंही उत्तर त्याने शोधलं. १८३९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा लांबलचक निबंध छापून आला.

गंमत बघा. इकडे स्कॉटलंडमध्ये बांध कुठे गेला यावर डोकेफोड चालू होती, आणि त्याच १८१८ साली स्वित्झर्लंडमध्ये तसा बांध प्रत्यक्ष उभा होता. जिएत्रो हिमनदीचा बर्फ कोसळून बान्य नावाच्या खोऱ्यातली नदी अडली आणि मागे मोठं तळं साचलं. तिथल्या सरकारी इंजिनिअरने, इग्नाझ व्हेनेत्झने, पाणी हळूहळू सोडायला बर्फातून बोगदा खणून घेतला. बरंचसं पाणी गेलंही, पण १६ जूनला बांध फुटलाच आणि सुमारे ४० माणसं गेली. व्हेनेत्झ मात्र हिमनद्यांच्या मागेच लागला. एके काळी त्या कितीतरी दूरवर पसरलेल्या होत्या हे त्याने शार्पाँतिएला पटवलं, शार्पाँतिएने लुई अगासीला.

हाच अगासी १८४० मध्ये विल्यम बकलंडबरोबर ग्लेन रॉयमध्ये आला आणि म्हणाला, बांध बर्फाचा होता! हिमनदीने दरीचं तोंड अडवलं, तळं साचलं, पुढे बर्फ वितळला. बांधही गेला आणि तळंही.

डार्विनला हे पटायला वीसेक वर्षं लागली. १८४२ मध्ये त्याने स्वतः वेल्समध्ये जाऊन जुन्या हिमनद्यांच्या खुणा ओळखल्या, त्यावर लिहिलं, तरी ग्लेन रॉयचा समुद्र काही सोडला नाही. अखेर १८६१ मध्ये थॉमस जेमिसनने दरी पाहून आपली निरीक्षणं कळवली, तेव्हा त्याने सपशेल हार मानली. तोपर्यंत 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध होऊन दोन वर्षं झाली होती. आत्मचरित्रात त्याने ही फजिती कबूल केली आहे आणि धडाही लिहून ठेवला आहे: एकेक शक्यता खोडत शेवटी उरेल ते खरं, या पद्धतीवर विज्ञानात विसंबू नये.

आपल्या धंद्यात आपण रोज दुसरं काय करतो? नेटवर्क नाही, डेटाबेस नाही, म्हणजे नक्की कोड! खोडून काढण्यात चूक नसते, पण यादीच अपुरी असेल तर उरलेलं उत्तर खरं कसं असणार? डार्विन आळशी नव्हता की निष्काळजी नव्हता. हिमनद्याही त्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पाहिल्या होत्या, पण समुद्रात कोसळणाऱ्या. दरी अडवणारा बर्फ त्याच्या यादीत नव्हता. व्हेनेत्झने मात्र तो स्वतः फोडायला घेतला होता.

आज चित्र बरंच स्पष्ट आहे. साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या शेवटच्या कडाक्यात बर्फ पुढे सरकत गेला, तशा खालच्या खिंडी बंद होत तळं २६० वरून ३२५ आणि मग ३५० मीटरपर्यंत चढलं. बर्फ मागे हटला तसं त्याच पायऱ्यांनी उतरलं. तळाशी दर वर्षी गाळाचा एक पातळ थर बसत होता. वर्षाला एक ओळ लिहिणारी लॉग फाईलच म्हणा ना. ते थर मोजून तळं सुमारे पाचशे वर्षं टिकलं असं निघालं.

कधी तिकडे जाणं झालंच, तर रेघांचे फोटो काढून लगेच परतू नका. दरीच्या उघड्या, खालच्या बाजूलाही जरा वेळ बघत राहा. तिथे काहीच नाही. डार्विनलाही तिथे काहीच दिसलं नव्हतं.