पांढरी, निळी आणि लाल : पूररेषेचा इतिहास

आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली. याच २५ आकड्याचं पुराच्या हिशेबातही महत्त्व आहे. नळगंगेकाठच्या मलकापुरात राहणाऱ्यांनी तो हिशेब समजून घेतलेला बरा.

जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असत : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. पूर्णेच्या खोऱ्यातली जुनी गावठाणं पाहा. बरीचशी शिवारापेक्षा चार हात उंच टेकाडावर आहेत. काळी पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पूर आला की आधी तीच बुडते. म्हणून घर पांढरीवर, पीक काळीत. कागदावर न काढलेला तो पूरनकाशाच होता.

पुढं गावं वाढली आणि वस्ती काळीत उतरली. शेतांचे एन.ए. प्लॉट पडले. घेणारा सातबारा बघतो, रस्ता बघतो, नळ बघतो; नदीचं पाणी कुठवर येतं, हे मात्र विचारत नाही.

सरकारी पातळीवर हा प्रश्न १९७५ मध्ये पुढं आला. केंद्रीय जल आयोगानं पूरक्षेत्राच्या विभागणीचं नमुना विधेयक राज्यांना पाठवलं. मणिपूरनं १९७८ मध्ये आणि राजस्थाननं १९९० मध्ये कायदा केला. महाराष्ट्रात पाटबंधारे विभागानं १९८९ च्या परिपत्रकानं दोन रेषा ठरवल्या. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या क्षमतेच्या दीडपट प्रवाह, यातला जो मोठा, त्याची निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. वरच्या अंगाला धरण असेल, तर सांडव्याच्या संकल्पित विसर्गाचाही विचार लाल रेषेत होतो.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ३० जुलै १९९१ रोजी, वर्धा नदीच्या पुरानं नागपूर जिल्ह्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं. २०४ माणसं गेली. रेषा कशाला हव्यात, हे विदर्भाला वेगळं सांगायला नको.

रेषा अंदाजानं ओढत नाहीत. पुराच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात; पूर्णेवर येरळीला जल आयोगाचं मोजणी केंद्र आहे. नदीचे आडवे छेद घेऊन किती प्रवाहाला पाणी किती चढेल, ते काढतात आणि ती उंची नकाशावर उतरवतात. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई. बाग, मैदान, पार्किंग चालतं. निळी आणि लाल यांच्या मधे बांधकाम करायचं, तर ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं.

आता आपल्या २५ वर्षांकडं येऊ. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ येणारा पूर पोळ्यासारखा तिथी धरून येत नाही. दरवर्षी त्याची शक्यता ४ टक्के असते. हिशेब केला, तर २५ वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के भरते. लाल रेषेच्या पुराचीही २२ टक्के. शिवाय यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी नाही. त्यामुळं ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा दिलासा खरा नव्हे. जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत काय झालं, ते सगळ्यांना आठवत असेल.

आणखी एक. पूररेषा आखतात त्या नदीच्या. कॉलनीतल्या लहान नाल्याला बहुधा रेषाच नसते. पण तो बुजवला, तर त्याचं पाणी आपल्याच अंगणात येतं.

म्हणून या वर्षी दोन कामं करावीत. पाटबंधारे विभाग आणि नगरपरिषदेकडून पूररेषेचा नकाशा मिळवून तो सोसायटीच्या दप्तरात ठेवावा. आणि वडीलधाऱ्यांनी पाणी कुठवर आलेलं पाहिलंय, ते वर्षासकट लिहून घ्यावं. पुढं कधी इमारत नव्यानं उभी राहील, तेव्हा जोतं किती उंच घ्यायचं आणि विजेचे मीटर कुठं बसवायचे, हे ठरवताना पोरांना हेच दोन कागद लागतील.