दोन ओळी गाळल्या आणि जगभरची कुलपं सैल झाली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

फोनवर अपडेटची सूचना आली की आपल्यापैकी बरेच जण ‘नंतर’ वर बोट ठेवतात आणि रील बघायला लागतात. त्यावर मी आज लेक्चर देणार नाही. आज गोष्ट आहे एका अपडेटची, ज्यातून चूकच लोकांच्या कॉम्प्युटरवर पोचली. अधिकृत मार्गाने पोचली, आणि जवळजवळ २० महिने कुणाच्या लक्षात आली नाही.

गोष्ट आहे डेबियनची. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांची नावं जोडून झालं डेबियन. हिची मालक कुठलीच कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक मिळून ती चालवतात. उबुंटू ऐकलंय ना? तीही डेबियनवरच उभी आहे. इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हरसुद्धा.

डेबियनमधला प्रत्येक प्रोग्राम ‘पॅकेज’ म्हणून येतो. प्रोग्राम लिहिणारे मूळ लेखक वेगळे, आणि तो डेबियनमध्ये नीट बसवणारा ‘मेंटेनर’ वेगळा. गरज पडली तर मेंटेनर त्यात छोटी दुरुस्ती करतो. तिला म्हणतात पॅच. आपली गोष्ट अशाच एका पॅचची आहे.

साल २००६. पॅकेजचं नाव ओपनएसएसएल. इंटरनेटवर गुप्त बोलणं करायचं तर डिजिटल किल्ल्या लागतात, त्या बनवायचं काम हे पॅकेज करतं. किल्ली भक्कम कशामुळे होते? ती कुणाला ओळखता येत नाही म्हणून. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत काढतात, तेव्हा बरणीत चिठ्ठ्या टाकून लहान मुलाला एक उचलायला सांगतात. ओपनएसएसएलच्या बरणीत इतक्या चिठ्ठ्या असतात की मोजायला आयुष्य पुरणार नाही. कुठली निघाली हे बाहेरच्याला कळणं अशक्य.

आता झालं काय, की व्हॅल्ग्राइंड नावाचं एक तपासणीचं साधन आहे. प्रोग्राम मेमरी कशी वापरतो यावर ते नजर ठेवतं. ओपनएसएसएल तपासताना ते सारखं कुरकुरत होतं: ‘इथे अशी मेमरी वाचली जातेय जिच्यात काही भरलेलंच नाही.’ तक्रार खोटी नव्हती. पण त्या जागी ते बिनधोक होतं, बरणीत जरा जास्तीचा कचरा टाकण्यासारखं. मेंटेनरने शोध घेतला, दोन ओळी सापडल्या. त्या गाळल्या तर चालेल का, असं त्याने ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलंसुद्धा. तपासणीला मदत होत असेल तर हरकत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. त्या ओळी गाळून केलेलं पॅकेज सगळ्यांकडे जाणार आहे, याचा मात्र कुणी नीट विचार केला नाही.

त्या दोन ओळी दिसायला जुळ्या होत्या. एक खरंच निरुपयोगी होती. दुसरी बरणीत चिठ्ठ्या टाकायचं मुख्य काम करत होती. दोन्ही गेल्या. १७ सप्टेंबर २००६ ला हे पॅकेज डेबियनमध्ये आलं.

मग बरणीत उरलं काय? फक्त एक नंबर. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला सिस्टिम एक क्रमांक देते, आणि लिनक्सवर तो साधारणपणे ३२,७६७ च्या आत असतो. म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर, एका मापाच्या किल्ल्या जास्तीत जास्त तेवढ्याच! माणसाला ही संख्या मोठी वाटते. कॉम्प्युटरसाठी ती काहीच नाही. सगळ्या किल्ल्या आधीच घडवून ठेवायच्या आणि एकेक लावून बघायची.

प्रोग्राम मात्र झकास चालत होता. एरर नाही, बिघाड नाही. एप्रिल २००७ मध्ये डेबियन ४.० आलं, त्यातही हेच पॅकेज. उबुंटूतही हेच. शेवटी लुसियानो बेलो या अर्जेंटिनाच्या डेबियन डेव्हलपरच्या हे लक्षात आलं, आणि १३ मे २००८ ला डेबियनने जाहीर सूचना काढली.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९९७ साली डेबियनने स्वतःसाठी एक सामाजिक करार लिहिला होता. त्यातलं एक वचन असं, की आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही. ही चूक त्यांची स्वतःची होती, ओपनएसएसएलच्या मूळ कोडमध्ये ती नव्हतीच. तरी त्यांनी ती उघडपणे सांगितली.

पण सांगून काम संपलं नाही. पॅकेज अपडेट केलं की बरणी पुन्हा भरली, ठीक. आधी काढलेल्या चिठ्ठ्यांचं काय? २० महिन्यांत बनलेली प्रत्येक किल्ली रद्द करून नवी करायला हवी होती. अशा किल्ल्या ओळखून नाकारणारी यादीच डेबियनला पॅकेजमधून वाटावी लागली. सगळ्यांनी किल्ल्या बदलल्या? नाही. २०१५ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी, गिटहबच्या खात्यांवर अशा कच्च्या किल्ल्या सापडल्या.

तुम्ही म्हणाल, पॅकेजवर सही नसते का? असते. डेबियन ४.० पासून ‘ॲप्ट’ हा प्रोग्राम पॅकेज बसवण्याआधी डिजिटल सही तपासतो. वाटेत कुणी पॅकेज बदललं तर ते पकडलं जातं. पण सही एवढंच सांगते की पॅकेज डेबियनकडूनच आलंय. आतलं बरोबर आहे, हे सही सांगू शकत नाही. त्यासाठी माणसानेच डोळे उघडे ठेवून वाचावं लागतं.

याचा पुरावा २०२४ मध्ये मिळाला. २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या पॅकेजमध्ये चोरदरवाजा आहे. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोन-अडीच वर्षं मदत करत, एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या स्वयंसेवकाचा विश्वास कमावला आणि मग तो दरवाजा बसवला. यावेळी चूक नव्हती, डाव होता. आणि तो चालावा म्हणून वापरली गेलेली एक वाट होती डेबियनसारख्यांनीच सर्व्हरच्या लॉगिन प्रोग्रामला लावलेला एक पॅच.

फ्रॉइंडला संशय कशावरून आला? डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्तीवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता. आणि काही आठवड्यांपूर्वी एक विचित्र तक्रार दिसली होती, ती त्याला आठवली. तक्रार कुणाची? व्हॅल्ग्राइंडची! तेच साधन. २००६ मध्ये त्याची कुरकुर बंद करायच्या नादात कुलपं सैल झाली. २०२४ मध्ये एकाने ती कुरकुर लक्षात ठेवली आणि दरवाजा वेळेत सापडला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पॅकेज पोचलंच नाही.

का नाही पोचलं? कारण स्थिर आवृत्तीत नवं पॅकेज घाईने घेत नाहीत. जुनीच आवृत्ती ठेवून तिला फक्त सुरक्षेची दुरुस्ती जोडतात. नवीन पॅकेजं आधी कच्च्या आवृत्तीत मुरतात. डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत, आणि हा सगळा पसारा मुख्यतः स्वयंसेवकच सांभाळतात.

मग चुका अपडेटमधूनच येतात तर अपडेट टाळावं का? अजिबात नाही. २००८ ची चूक दुरुस्त झाली तीही अपडेटमुळेच. ज्यांनी ‘नंतर’ दाबलं, त्यांची कुलपं तशीच सैल राहिली. तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख एकदा बघा. आणि कुठल्या सेवेने ‘अपडेटसोबत पासवर्डही बदला’ म्हटलं, तर तेवढं काम अर्धवट सोडू नका.

तुमच्या फोनवर कुठली तारीख दिसली, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!