निजलेले जंतू

नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला ज्वारीचा स्वभाव काही नव्याने सांगायला नको. पावसाने ओढ दिली की ताट पाने गुंडाळते, वाढ थांबवते. पाहणाराला वाटते, पीक गेले. पण चार सरी आल्या की तेच ताट पुन्हा उभारी धरते. रोगाचे जंतूही हीच युक्ती करतात. ती उमगायला माणसाला साठेक वर्षे लागली. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले. दुसऱ्या महायुद्धात ते औषध म्हणून वापरात आले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी साहाय्य केले, आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या वेळी नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता.

पण या गुणकारी औषधाने एक कोडे आधीच घातले होते. १९४२ साली अमेरिकेत ग्लॅडिस हॉबी यांना दिसले की, पेनिसिलिन वाढत्या जंतूंनाच मारते, आणि शंभरातला एखादा मागे उरतो. १९४४ साली आयर्लंडचे जोसेफ बिगर यांनी या उरलेल्या जंतूंना पुन्हा वाढवले आणि पुन्हा औषध दिले. तेव्हा त्यांची प्रजा पहिल्यासारखीच मेली. थोडी मात्र पुन्हा उरली! म्हणजे हे जंतू औषधाला पचवणारे नव्हते. ते नुसते निजलेले होते.

आता तुम्ही विचाराल, निजल्याने जीव कसा वाचतो? पेनिसिलिन जंतूची भिंत बांधण्याच्या कामात मोडता घालते. वाढणाऱ्या जंतूची भिंत त्यामुळे कच्ची राहते आणि तो फुटतो. ज्याने बांधकामच बंद ठेवले, त्याचे औषध काय बिघडवणार?

पुढे या निजेची कारणे कळू लागली. १९६९ साली असे आढळले की, अन्न तुटले की जंतूच्या पेशीत एक लहानसा रेणू साठतो आणि वाढीची कामे आवरती घ्यायला लावतो. जंतूच्या वारशाच्या द्रव्याला, म्हणजे डीएनएला, इजा झाली तर दुसरी एक संकटाची हाक उठते. दुरुस्ती सुरू होते आणि पेशीचे विभाजन थांबते. २००४ साली स्टॅन्ली कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, पेनिसिलिनच्या जातीची औषधेही आतड्यातल्या जंतूत हीच हाक उठवतात. मारायला आलेले औषधच काही जंतूंना सावध करते, म्हणा ना!

यात आपल्या जिवाशी गाठ आहे ती क्षयरोगाची. आतड्यातला जंतू सोयीच्या स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाचा जंतू त्यासाठी सुमारे वीस तास घेतो. त्यातले काही तर निजूनच राहतात. म्हणून साध्या क्षयाचा उपचारसुद्धा सहा महिन्यांचा असतो. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधे बहुतेक जंतूंचा फडशा पाडतात. उरलेले चार महिने मुख्यतः या निजलेल्यांसाठी.

खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस चढते, आणि रोग्याला वाटते, बरा झालो. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेल्या घरात तर गोळ्यांची पाकिटे मागेच राहतात. मग निजलेले जंतू जागे होतात आणि दुखणे उलटते. गोळ्या अशाच घेत-सोडत राहिले, तर औषधाला खरोखरच न जुमानणारे जंतू पैदा होतात. मग उपचार लांबतो, कठीण होतो, आणि घरच्या पोराबाळांनाही तोच हट्टी रोग लागण्याचा धोका राहतो.

म्हणून गावाला निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगावे, पुढच्या गावी औषध मिळण्याची सोय करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाचे औषध मोफत मिळते. आणि गुरुजी, वर्गातल्या एखाद्या मुलाचे आईवडील औषध घेत असतील, तर त्याला ज्वारीच्या ताटाची ही गोष्ट जरूर सांगा. सुकलेले दिसते ते मेलेले असतेच असे नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला चटकन पटेल, आणि घरी जाऊन तोच विचारील, “आई, आजची गोळी घेतलीस का?”